पॉलिबिअसचा ‘इतिहास’

पॉलिबिअसचा ‘इतिहास’ : रोमच्या भूमध्य सागरी प्रदेशातील सत्ताविस्ताराचा आणि त्या विस्ताराच्या दडपणाखाली ग्रीक राज्यांच्या बदलत गेलेल्या मैत्रीसंबंधांचा प्रमुख ग्रीक साधनग्रंथ. मूळ शीर्षक इस्तोरिआइ. कर्ता पॉलिबिअस (इ. स. पू. सु. २००–सु. ११८) हा पेलोपनीसमधील मेगालोपोलिस नगराचा नागरिक होता. त्याचा पिता लायकॉर्टस हा ॲकियन संघाचा प्रमुख पुढारी. संघाचा सेनानी फिलोपीमेन ह्याच्या अंत्ययात्रेत (इ. स. पू. १८२) अस्थिकलश वाहून नेण्याचा मान तरुण पॉलिबिअसला मिळाला होता. इ. स. पू. १७०-६९ मध्ये तो संघाचा अश्वदलप्रमुख होता. मॅसिडोनियाच्या पराभवानंतर, इ. स. पू. १६७ मध्ये, रोमनिष्ठेविषयी संशय असलेले सु. १,००० ॲकियन इटलीला नेण्यात आले. त्यांत तो होता. इतरांना इटलीतील लहानमोठ्या नगरांत विखरून ठेवण्यात आले. पॉलिबिअसला मात्र एमिलिअस पॉलसच्या कुटुंबाशी, विशेषतः त्याचा पुत्र सिपिओ एमिलिएनस ह्याच्याशी जडलेल्या स्नेहामुळे रोममध्येच राहता आले. सतरा वर्षांनी सुटका झाली, तेव्हा हयात असलेल्यांची संख्या ३०० हून कमी उरली होती. ज्या सत्तेने त्याला ओलीस म्हणून नेले, तिच्याच यशाची मीमांसा करण्यासाठी त्याने हा ग्रंथ लिहिला. ग्रंथाचे सामर्थ्य व मर्यादा ह्या दोन्हींचे मूळ ह्या परिस्थितीत आहे.

ग्रंथाचे एकूण ४० खंड होते. त्यांपैकी पहिले पाच पूर्ण स्वरूपात उपलब्ध आहेत. उरलेल्यांपैकी काहींचे विस्तृत उतारे, तर काहींचे केवळ त्रुटित अंश हाती लागतात. हे अंश मुख्यतः दहाव्या शतकातील बायझंटिन सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन ह्याने करविलेल्या संकलनांमुळे टिकले. मूळ संकल्पानुसार इ. स. पू. २२० ते १६७ हा सु. ५३ वर्षांचा काळ हा ग्रंथाचा विषय होता. एवढ्या अल्पावधीत ज्ञात जगाचा बहुतेक भाग रोमच्या सत्तेखाली कसा व कोणत्या राज्यव्यवस्थेमुळे आला, हा प्रश्न ग्रंथकर्त्याने प्रारंभीच मांडला आहे. पहिल्या दोन खंडांत इ. स. पू. २६४ पासूनची पूर्वपीठिका येते. पुढे कॉरिंथ व कार्थेज ह्यांच्या विध्वंसापर्यंतचा (इ. स. पू. १४६) वृत्तांत त्याने जोडला आणि त्याचे प्रयोजनही सांगितले : जिंकणाऱ्यांनी जिंकल्यानंतर सत्ता कशी वापरली हे कळल्यावाचून त्यांच्याविषयीचा निर्णय पुरा होत नाही.

राज्यघटनांचे चक्र आणि रोमची मिश्र राज्यपद्धती ह्यांचे विवेचन करणारा सहावा खंड सर्वांत प्रसिद्ध आहे. मॅकिआव्हेलीपासून माँतेस्क्यूपर्यंतच्या राजनीतिज्ञांवर त्याचा प्रभाव पडला. तथापि ह्या एका खंडाच्या कीर्तीमुळे उरलेल्या ग्रंथाकडे काहीसे दुर्लक्ष झाले. घटनामीमांसेत पॉलिबिअस सूत्रबद्ध, किंबहुना अतिसूत्रबद्ध आहे. रोमच्या सरदारवर्गाचे वर्चस्व त्याच्या समतोलाच्या आराखड्यात पुरेसे दिसत नाही. त्याची खरी पकड जाणवते ती ग्रीक राज्यांच्या परस्पर व्यवहारांत. हा व्यवहार त्याने सभांमधून, शिष्टमंडळांच्या हकिकतींतून आणि घरातील चर्चांतून ऐकला-पाहिला होता.

ग्रंथाच्या रचनेचा कणा म्हणजे ‘सिंप्लोके’ ही कल्पना. सिंप्लोके म्हणजे धाग्यांची परस्परांत होणारी गुंफण. इटली, आफ्रिका व ग्रीस येथील घडामोडी तोवर स्वतंत्रपणे चालत. त्या एकमेकींत गुंतण्याचा क्षण म्हणून पॉलिबिअस इ. स. पू. २१७ मधील नॉपॅक्टसच्या तहपरिषदेकडे बोट दाखवितो. मॅसिडोनियाचा राजा पाचवा फिलिप व त्याचे ॲकियन मित्र एका बाजूस आणि ईटोलियन संघ दुसऱ्या बाजूस, असे युद्ध तीन वर्षे चालले होते. इटलीत हॅनिबलने त्याच वर्षी ट्रॅझिमीन सरोवराकाठी रोमनांचा मोठा पराभव केला होता. परिषदेत ॲगिलेअस ह्या ईटोलियन पुढाऱ्याने, पश्चिमेकडे दाटून आलेले ढग ग्रीसवर उतरण्यापूर्वी ग्रीकांनी आपसांतील लढाया थांबवाव्यात, अशा आशयाचे भाषण केले. ते शब्दशः ॲगिलेअसचे असेल असे मानण्याचे कारण नाही. परिणाम ठाऊक असलेल्या लेखकाची छाया त्यावर आहे. परंतु पुढच्या घटनांचा उपरोध त्यात गर्भित आहे. सहा वर्षांच्या आतच ज्यांनी ग्रीसमध्ये रोमशी पहिली मोठी लष्करी आघाडी केली, ते ॲगिलेअसचेच ईटोलियन होते. फिलिपनेही दरम्यान (इ. स. पू. २१५) हॅनिबलशी तह केला होता, त्याचा मसुदा पॉलिबिअसने सातव्या खंडात दिला आहे व प्राचीन राजनयाच्या इतिहासातील तो एक अमोल दस्तऐवज होय.

रोम व ईटोलियन संघ ह्यांच्या कराराची (इ. स. पू. २१२-११) मुख्य अट अशी की, जिंकलेली नगरे व भूमी ईटोलियनांची आणि जंगम लूट रोमनांची. ह्या करारावरील सर्वांत कठोर टीका पॉलिबिअसने स्पार्टातील एका वादसभेत लायसिस्कस ह्या अकार्नेनियन वक्त्याच्या मुखी घातली आहे. पूर्वी ग्रीक ग्रीकांशी वर्चस्वासाठी लढत. आता परकीयांकडून ग्रीकांना दास करविले जात आहे, असा तिचा रोख. ईटोलियनांविषयी पॉलिबिअसचा कल मुळातच प्रतिकूल आहे. लोभ, उद्दामपणा व लुटारूपणा ही विशेषणे त्यांच्या वाट्याला इतक्या नियमितपणे येतात की, वाचकाने ती काही प्रमाणात वजा करूनच वाचावीत.

कारण हेच कृत्य पुढे ॲकियन संघाने केले. इ. स. पू. १९८ मध्ये, रोम व फिलिप ह्यांच्यातील दुसरे युद्ध चालू असता, सिसिऑन येथील सभेत ॲरिस्टीनस ह्या सेनापतीच्या आग्रहावरून संघाने मॅसिडोनियाशी पाव शतकाहून अधिक काळ असलेली मैत्री सोडून रोमचा पक्ष स्वीकारला. हा वृत्तांत पॉलिबिअसच्या ज्या १७ व्या खंडात असावा, तो नष्ट झाला आहे. पण ग्रीसविषयक भागासाठी पॉलिबिअसवर विसंबणाऱ्या लिव्हीकडे तो सविस्तर मिळतो. मतदानाच्या वेळी डायमी व मेगालोपोलिस येथील प्रतिनिधी आणि काही आर्गॉसवासी सभा सोडून गेले. मेगालोपोलिसकरांचे कारण उघड होते. स्पार्टाच्या क्लीओमेनीझने त्यांचे नगर उद्ध्वस्त केल्यावर (इ. स. पू. २२३) अँटिगोनस डोसन ह्या मॅसिडोनियन राजाच्या साहाय्यानेच ते स्वदेशी परतू शकले होते. त्या उपकाराविरुद्ध मत देण्यापेक्षा उठून जाणे त्यांना अधिक सभ्यपणाचे वाटले, आणि सभेनेही त्यांना दोष दिला नाही. म्हणजे ज्या निर्णयाचे पॉलिबिअस हिरिरीने समर्थन करतो, त्याला खुद्द त्याच्या गावाने हात लावला नव्हता.

समर्थन १८ व्या खंडातील विषयांतरात येते व साऱ्या ग्रंथातील ते बहुधा सर्वांत विचारप्रवर्तक प्रकरण आहे. प्रश्न असा : देशद्रोही कोणाला म्हणावे ? ॲरिस्टीनसने संघाला वेळीच फिलिपकडून रोमकडे वळविले नसते, तर संघाचा सर्वनाश झाला असता, असे पॉलिबिअसचे मत आहे. सबब तो द्रोही नसून उपकारकर्ता ठरतो. ह्यावरून तो एक निकष मांडतो. काळाची गती ओळखून आपल्या राज्याला एका मैत्रीतून दुसऱ्या मैत्रीत नेणारा पुरुष द्रोही नव्हे. संकटकाळी स्वतःच्या सुरक्षिततेसाठी, लाभासाठी किंवा प्रतिपक्षाचा सूड म्हणून जो नगर शत्रूच्या स्वाधीन करतो, परकी शिबंदी आत घेतो, तो द्रोही. ह्याच निकषावर तो डिमॉस्थिनीझसारख्या थोर वक्त्यालाही तपासतो. दुसऱ्या फिलिपशी सख्य करणाऱ्या आर्केडिया व मेसीनी येथील पुढाऱ्यांची डिमॉस्थिनीझने देशद्रोही म्हणून गणना केली होती. त्या पुढाऱ्यांमुळे पेलोपनीसचे लोक स्पार्टाच्या दडपणातून मुक्त झाले, उलट डिमॉस्थिनीझच्या धोरणाने अथेन्सला कायरोनीआच्या रणांगणावर (इ. स. पू. ३३८) नेले, असे पॉलिबिअस बजावतो. अथेन्सचे हित म्हणजे साऱ्या ग्रीसचे हित असे गृहीत धरण्याची सवय पुढील काळातील अनेक इतिहासकारांना जडली. तीवरील हा फार जुना व मार्मिक आक्षेप होय. मात्र डिमॉस्थिनीझने नावे घेतलेल्या त्या आर्केडियन पुढाऱ्यांत मेगालोपोलिसचे नागरिक होते, हेही विसरून चालत नाही.

निकष सर्वांना सारखा लावला जातो का, ही ह्या ग्रंथाची खरी कसोटी आहे. आणि येथे पॉलिबिअस पुन्हा पुन्हा अडखळतो. मँटिनीआचे उदाहरण बोलके आहे. ह्या छोट्या आर्केडियन नगराने ॲकियन, ईटोलियन व स्पार्टा अशा आघाड्या आलटूनपालटून स्वीकारल्या; अखेर संरक्षणार्थ आलेल्या ॲकियनांची कत्तल करून ते पुन्हा स्पार्टाकडे गेले. नंतर ॲकियन व मॅसिडोनियन सैन्याने ते घेतले. तेथील स्त्रीपुरुषांच्या आक्रोशाचे वर्णन करणाऱ्या फिलार्कस ह्या इतिहासकारावर पॉलिबिअस तुटून पडतो : इतिहास व शोकान्त नाटक ह्यांत फरक आहे, कारणांवाचून केवळ करुणा उत्पन्न करणे हे इतिहासाचे कार्य नव्हे. तत्त्व निर्विवाद आहे. परंतु त्यापाठोपाठ तो सांगतो की, मालमत्तेची लूट व मुक्त नागरिकांची दास म्हणून विक्री ह्यांपलीकडे मँटिनीअनांना काही भोगावे लागले नाही आणि युद्धाच्या रिवाजानुसार एवढे तर निरपराधांच्याही वाट्याला येते. लायसिस्कसच्या भाषणात ग्रीकांचे दास्य हा ईटोलियनांचा अक्षम्य अपराध ठरतो. मँटिनीआच्या बाबतीत तीच गोष्ट किरकोळ होते. ॲकियन संघाला मॅसिडोनियाच्या दावणीला बांधणाऱ्या ॲरेटसच्या निर्णयाची सफाईही ह्याच धाटणीची आहे. कॉरिंथचा किल्ला मॅसिडोनियनांच्या हातून सोडविणे हे ॲरेटसचे तरुणपणीचे सर्वांत मोठे कर्तृत्व. क्लीओमेनीझच्या भयाने तोच किल्ला त्याने त्यांना परत दिला.

इतिहासकाराने स्वदेशाला झुकते माप द्यावे, पण घडल्याच्या विरुद्ध लिहू नये, अशी मर्यादा पॉलिबिअसने ऱ्होड्सच्या इतिहासकारांची चर्चा करताना आखली आहे. त्यांपैकी झीनो ह्याच्या लेखनातील भौगोलिक चुका त्याने पत्राने खुद्द झीनोला कळविल्या होत्या. ही मर्यादा त्याने स्वतः बहुतांशी पाळली. वस्तुस्थिती तो दडवीत नाही, विशेषणे बदलतो. त्यामुळे त्याच्याशी मतभेद असलेल्या वाचकालाही मतभेदाची सामग्री त्याच्याच पानांत सापडते.

सायनोसेफलीच्या लढाईनंतर (इ. स. पू. १९७) ईटोलियनांनी जुन्या कराराच्या आधारे थेसलीतील नगरे मागितली. रोमन सेनापती फ्लॅमिनिनसने त्यांना सुनावले की, इ. स. पू. २०६ मध्ये फिलिपशी स्वतंत्र तह करून तुम्ही तो करार मोडला आहे, शिवाय आपण होऊन रोमकडे आलेल्या नगरांवर तुमचा हक्क पोचत नाही. पॉलिबिअसच्या कथनात ईटोलियन येथे निरुत्तर होतात. अकार्नेनियातील थिरिअम येथे सापडलेला ह्या कराराचा त्रुटित शिलालेख १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वेच्छेने सामील होणाऱ्या नगरांविषयीही त्यात एक कलम आहे. त्याचा अर्थ वादग्रस्त असला, तरी ईटोलियनांची मागणी अगदीच निराधार नव्हती, असे त्यावरून दिसते. पुढील वर्षी इस्थमियन क्रीडामहोत्सवात फ्लॅमिनिनसने ग्रीकांचे स्वातंत्र्य घोषित केले, तेव्हा उसळलेल्या आनंदाचे पॉलिबिअसचे वर्णन विख्यात आहे. ग्रीसच्या बेड्या केवळ बदलल्या आहेत, हा ईटोलियनांचा घोषणेआधीचा टोमणाही त्याने नोंदविला आहे.

ह्याच ईटोलियनांनी नंतर सिरियाच्या तिसऱ्या अँटायओकसला पाचारण केले आणि त्याचा थर्मॉपिली येथे पराभव झाल्यावर (इ. स. पू. १९१) शरणागती पत्करली. त्या शरणागतीचा प्रसंग पॉलिबिअसने विस्ताराने रंगविला आहे. फेनिअस हा त्यांचा प्रतिनिधी स्वतःला रोमनांच्या ‘पिस्टिस’वर सोपवितो. ग्रीक भाषेत ह्या शब्दाचा अर्थ विश्वास, भरवसा. त्याला वाटले, अशा विनवणीने अधिक दया मिळेल. रोमन सेनापती ग्लॅब्रिओ लगेच अमुक माणसे आमच्या हवाली करा अशा आज्ञा देऊ लागतो. हे न्याय्य नाही व ग्रीकांच्या रीतीला धरूनही नाही, असे फेनिअस म्हणताच ग्लॅब्रिओ साखळदंड व लोखंडी कडी मागवितो. रोमनांच्या परिभाषेत ‘फिडेस’वर सोपविणे म्हणजे बिनशर्त शरणागती. दोन भाषांतील एका शब्दाचा फरक येथे सत्तेचे परिमाण होतो. अलीकडील काही अभ्यासकांच्या मते दोन शब्दांच्या अर्थांत इतके अंतर नव्हते आणि दोष ग्लॅब्रिओच्या स्वभावाचा होता. तो आक्षेप मान्य केला, तरी प्रसंगाचे महत्त्व कमी होत नाही; कारण रोमशी संबंध जोडणाऱ्या प्रत्येक ग्रीक राज्याला, आपण केलेल्या कराराचा अर्थ कोण ठरविणार, हा प्रश्न पुढे पडणारच होता.

ह्या प्रश्नावर ॲकियन संघात दोन पक्ष होते व त्यांच्यातील वाद पॉलिबिअसने समतोलपणे दिला आहे. रोमची मागणी कायद्याविरुद्ध असली, तरी ती तत्परतेने मानावी, असे ॲरिस्टीनसचे मत. एक ना एक दिवस आज्ञापालनाची वेळ येणारच आहे, पण ती आपण ओढवून आणू नये, कायद्याच्या आधारे शक्य तितकी लांबवावी, असे फिलोपीमेनचे. पॉलिबिअस दोन्ही धोरणे सुरक्षित मानतो, पण पहिले उपयुक्ततेचे व दुसरे मानाचे, असा भेद करतो. तिसरा मार्ग कॅलिक्रेटीसचा. इ. स. पू. १८० मध्ये रोमला दूत म्हणून गेल्यावर त्याने सीनेटला सांगितले की, ग्रीक नगरांत रोमची आज्ञा शिरोधार्य मानणारे लोकांत अप्रिय होतात व कायदा पुढे करणारे लोकप्रिय. सीनेटने आपल्या पसंतीची खूण दिली, तरच चित्र पालटेल. सीनेटने खूण दिली. परिणामी रोमला खुशामतखोर विपुल मिळाले, खरे मित्र थोडे राहिले, असा पॉलिबिअसचा अभिप्राय आहे. हद्दपार केलेल्या ॲकियनांच्या याद्यांमागे कॅलिक्रेटीसच होता. सार्वजनिक स्नानगृहात त्याच्या पक्षाच्या लोकांनी वापरलेले पाणी सोडून नवे भरल्याशिवाय कोणी उतरत नसे आणि शाळेतून परतणारी मुले त्यांना भर रस्त्यात देशद्रोही म्हणत, ही नोंद पॉलिबिअसने उघड समाधानाने केली आहे. हद्दपारीत सतरा वर्षे घालविलेल्या माणसाकडून तटस्थतेची अपेक्षा करणे अवघड आहे. तथापि येथे त्याचा निकष टिकतो, असे म्हटले पाहिजे. ॲरिस्टीनसने संघाचे परराष्ट्रधोरण खुल्या सभेत, मतदानाने बदलले. कॅलिक्रेटीसने परसत्तेला संघाच्या घरगुती राजकारणात पंच म्हणून बसविले.

रोमचा विस्तार हेतुपूर्वक झाला की परिस्थितीवश, ह्या आधुनिक वादात दोन्ही पक्ष पॉलिबिअसचाच आधार घेतात. रोमची दृष्टी प्रारंभापासून जागतिक सत्तेवर होती, असे तो ठिकठिकाणी म्हणतो. परंतु त्याच्या कथनात ऱ्होड्स, पर्गमम, अथेन्स, ईटोलियन असे एकामागून एक ग्रीक राज्य आपल्या शेजाऱ्याविरुद्ध रोमला बोलावताना दिसते. मॉरिस ओलोने १९२१ मध्ये रोमचे धोरण मूलतः बचावाचे मानले. विल्यम हॅरिसने १९७९ मध्ये रोमन समाजाच्या युद्धलालसेवर भर दिला. एरिक ग्रूएनने १९८४ मध्ये ग्रीक राज्यांचा स्वतःचा पुढाकार अधोरेखित केला. ह्या मतभेदाचे बीज पॉलिबिअसच्या विधानांत व त्याच्याच वृत्तांतात पडलेल्या अंतरात आहे. हे अंतर त्याला जाणवले असावे असे दिसत नाही. फ्रँक वॉलबँकच्या त्रिखंडात्मक भाष्यानंतर (१९५७, १९६७, १९७९) ग्रंथाचा अभ्यास अधिक पक्क्या पायावर आला.

जिंकल्यानंतरच्या रोमविषयी स्वतःचा निर्णय देण्याचे वचन मात्र पॉलिबिअसने उपलब्ध भागांत पुरे केलेले नाही. एपायरसमधील ७० नगरांचा विध्वंस व १,५०,००० लोकांची दास्यात रवानगी त्याने आकड्यांनिशी नोंदविली. इ. स. पू. १६६ मध्ये डीलॉस अथेन्सला देऊन ते खुले बंदर केल्यावर ऱ्होड्सचे बंदरउत्पन्न दहा लाख द्राख्मांवरून दीड लाखावर आले, हे त्याने ऱ्होड्सच्या दूताच्या तोंडी घातले. कार्थेजच्या नाशासंबंधी ग्रीकांत प्रचलित असलेली चार परस्परविरोधी मते त्याने एकापुढे एक मांडली. त्यांत स्वतःचे कोणते, हे सांगितले नाही. सिपिओचा मित्र म्हणून त्याला ते सांगणे कठीण होते, असे काहींचे मत आहे. पण ज्या लेखकाने इतर सर्व बाबतींत मत देण्यास क्वचितच अनमान केला, त्याचे हे मौन अर्थपूर्ण वाटते. कार्थेज जळत असताना सिपिओच्या डोळ्यांत अश्रू आले व त्याला होमरचे स्मरण झाले, हे शेजारी उभ्या असलेल्या पॉलिबिअसनेच लिहून ठेवले आहे.

त्याच वर्षी ममिअसने कॉरिंथ धुळीस मिळविले. इ. स. पू. १४७-४६ च्या ॲकियन पुढाऱ्यांना पॉलिबिअस मूर्ख व उन्मत्त ठरवितो. त्यांच्या बाजूस असलेला लोकक्षोभ समजून घेण्याचा प्रयत्न तो करीत नाही आणि ह्या भागात त्याचा वर्गीय दृष्टिकोन सर्वांत स्पष्ट दिसतो. लढाई संपल्यावर दहा रोमन आयुक्तांनी डायीअस ह्या बंडखोर सेनापतीच्या जप्त मालमत्तेतून हवे ते घ्यावे असे त्याला सांगितले. त्याने काही घेतले नाही व लिलावात काही विकत घेऊ नये असे मित्रांनाही बजावले. फिलोपीमेन हा रोमचा शत्रू होता, सबब त्याचे पुतळे काढावेत, अशी मागणी एका रोमनाने केली, तेव्हा पॉलिबिअसने आयुक्तांपुढे त्याचा पक्ष मांडला : फिलोपीमेन रोमशी कधी कधी वाद घालीत असे, पण युद्धांत त्याने रोमची बाजू सोडली नाही. आयुक्तांनी पुतळे राहू दिले. ही अनुकूलता पाहून पॉलिबिअसने सेनापतीजवळ अकीअस, ॲरेटस व फिलोपीमेन ह्यांच्या प्रतिमाही मागितल्या. त्या पेलोपनीसमधून अकार्नेनियापर्यंत नेण्यात आल्या होत्या; तेथून त्या परत आणण्यात आल्या.